चहा होईपर्यंतची लढाई

डॉक्टरांच्या घरात चार खुर्च्या होत्या आणि रविवारी दुपारी आम्ही तिथे चारच माणसं असायचो. तरी चौथ्या खुर्चीवर कायम त्यांचं हेल्मेट असायचं. डॉक्टर बसायचे नाहीत. टेबलाभोवती फेऱ्या मारायचे, खिडकीशी जायचे, स्वयंपाकघरात जायचे आणि तिथून ओरडून सांगायचे, "दरोडेखोर झाडामागून बाहेर आलाय. काय करताय, सांगा लवकर!"

डॉक्टर म्हणजे गुराढोरांचे डॉक्टर. तळासरी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात नेमणूक, राहायला डहाणूत भाड्याच्या पहिल्या मजल्यावर. मूळचे लातूरकडचे. समुद्राची हवा त्यांना कधी मानवली नाही. "ह्या हवेत मीठसुद्धा घामेजतं, माणसाचं काय घेऊन बसलात," असं म्हणायचे. त्यांची बदली होऊन आता बराच काळ लोटला. पण रविवारी दुपारी तीन वाजले की मला अजून चुळबुळ सुरू होते. उठून कुठेतरी जायचं आहे, असं वाटत राहतं.

आम्ही जमायचो ते खेळायला. हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांना एवढंच सांगते, की टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून रचायची ती एक गोष्ट असते. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं, ते जमलं की फसलं ते फासे ठरवतात. आणि या खेळात लढाई झाली, की प्रत्येकाची पाळी, प्रत्येकाचा वार, कोणाला किती लागलं याची बेरीज-वजाबाकी, असं सगळं ओळीने चालतं. गोष्टीत जे क्षणात घडतं त्याला टेबलावर तास लागतात.

मला ते तास फार आवडायचे. पुण्याला आमचा कॉलेजचा ग्रुप होता. एका राक्षसाला मारायला आम्ही जेवणानंतर बसलो की उठेपर्यंत दिवेलागण व्हायची. मग मी वीज कंपनीत ज्युनियर इंजिनिअर झाले, डहाणूला आले, आणि इथे कोणी ओळखीचं नाही, सतत फोन, "मॅडम, लाईट कधी येणार?" एवढंच आयुष्य उरलं. एकदा मेडिकलच्या दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला गेले, तर दुकानाच्या मालकीणबाई माझ्या किल्ल्यांकडे बघत राहिल्या. किल्ल्यांना वीस बाजूंचा फासा लटकवलेला होता.

"तुम्ही खेळता?" त्यांनी विचारलं.

त्या नीलमताई. त्यांनीच मला डॉक्टरांकडे नेलं.

पहिल्याच रविवारी जंगलातल्या वाटेवर दरोडेखोर आडवे आले. मी सरसावून बसले. माझं पात्र तलवारबाज होतं, तिच्या बळाचे आकडे मी दोन संध्याकाळी खपून बसवले होते. डॉक्टरांनी काय करावं? ते उठून, म्हणजे ते उभेच होते, स्वयंपाकघरात गेले आणि गॅसवर चहाचं आधण ठेवून आले.

"हं. चेतनशेठ, तुमची पाळी."

चेतन जवळच्याच चिखले गावचा. घरची चिकूची वाडी, बोलणं निम्मं मराठी, निम्मं गुजराती, वर मुंबईचं पाणी. त्याचं पात्र तिरंदाज. त्याने फासा टाकला आणि एका दरोडेखोराच्या खांद्यात बाण घुसवला. डॉक्टर असे किंचाळले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून वर बघितलं. मग ते शांतपणे म्हणाले, "बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं. आणि पळाले."

"पळाले?" मी म्हटलं. "अहो, अजून माझी पाळीच आली नाही!"

"आली असती तर काय केलं असतं?"

"मारलं असतं त्यांना."

"म्हणून तर पळाले," डॉक्टर म्हणाले. "चहा झाला. आलं चालतं ना?"

हा त्यांचा नियम होता. लढाई सुरू झाली की आधण ठेवायचं, आणि चहा कपात पडेपर्यंत लढाई संपलेली पाहिजे. कोणीतरी पळायचं, कोणीतरी हात वर करायचे. आम्ही हट्टाने लढतच राहिलो तर ते मधेच पूल पाडायचे, नाहीतर धुकं आणायचे. चेतन वैतागायचा. "शुं यार डॉक्टर! तलवार म्यानातून निघते तोवर तुमचा माणूस पळतो. ह्याला काय मजा?"

"मारामारी अशीच असते. कोणाला मरायचं नसतं हो."

पण त्यांची खरी तऱ्हा पुढे होती. त्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर मला वाटलं, आता गोष्ट पुढे सरकेल. डॉक्टर म्हणाले, "तो खांद्यात बाण लागलेला माणूस तिथेच झाडाखाली बसलाय. त्याचे लोक त्याला टाकून गेले. त्याचं काय करताय?"

त्याचं काय करायचं यात ती अख्खी दुपार गेली आणि पुढचा रविवारही. बाण उपटायचा की कापायचा? पाणी किती लांब आहे? रात्री त्याला ताप चढला, त्याच्याजवळ कोण बसणार? नीलमताई यात रंगून जायच्या. पट्टी कशाची करायची यावरून त्या डॉक्टरांशी वाद घालायच्या. चेतन डोक्याला हात लावायचा. "खजिना शोधायला निघालो होतो ना आपण? हा तर सरकारी दवाखाना झाला." टेबलाखाली माझा पाय सारखा हलत असायचा आणि मनात यायचं, वाजू दे एकदाचा फोन, जाऊ दे कुठल्यातरी गावाची लाईट.

"मारामारीला वेळ लागत नाही," डॉक्टर येरझारा घालता घालता म्हणायचे. "नंतरच्याला लागतो. तेवढा भाग सगळे गाळतात."

हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं, हे मला वेवजीला कळलं. गुजरातच्या हद्दीलगत एका पाड्याची लाईन पडली होती. मी लाईनमनना घेऊन गेले, तर डॉक्टर तिथे आधीच हजर, गुरांना लसी टोचत. आम्ही दोन शब्द बोलतोय तेवढ्यात शेजारच्या मोकळ्या शेतात दोन बैल समोरासमोर आले. बायका ओरडायला लागल्या, पुरुष काठ्या घेऊन धावले. मी आयुष्यात पहिल्यांदाच बैलांची झुंज बघत होते. 

"थांबा, जवळ जाऊ नका," डॉक्टरांनी सगळ्यांना मागे सारलं. मग माझ्या कानाशी म्हणाले, "बघा आता."

बैल बराच वेळ नुसते उभे होते. माना खाली, नाकाने माती उडवत. मग एकदम धडक झाली, धूळ उडाली, शिंगं अडकली, सुटली, आणि त्यातला काळा बैल वळून चालायला लागला. दुसऱ्याने त्याचा पाठलाग केला नाही. तो खाली मान घालून गवत खाऊ लागला.

"संपलं?" मी विचारलं.

"लढाई संपली," डॉक्टर म्हणाले आणि बॅग घेऊन काळ्या बैलाकडे पळाले. त्याच्या बरगडीखाली शिंग लागलं होतं.

आम्ही तारा ओढल्या, खांब ताणला, पाड्यात वीज आली, लाईनमन जेवून आले. डॉक्टर तिथेच होते. जमिनीवर मांडी घालून, बैलाच्या पोटाला एक हात लावून. जखम धुतली होती, टाके घातले होते, आता नुसते बसले होते. रविवारी ज्या माणसाला खुर्चीत क्षणभर चैन पडत नाही तोच हा, हे मला पटेना.

बैलाची मालकीण पदराचं टोक चावत उभी होती. "जगल ना, डॉक्टर?"

"जगेल. रोज कोमट पाण्याने धुवायचं, माशा बसू द्यायच्या नाहीत. मी येतो उद्या."

ते उद्याही गेले, परवाही गेले. नंतर मला लाईनमनकडून कळायचं, तुमचे डॉक्टर आज परत वेवजीला दिसले.

एवढं बघूनही माझी हौस काही जिरली नाही, हे कबूल करायला हवं. थंडी पडायला लागली होती, चेतनच्या वाडीत चिकूची तोडणी सुरू होती, आणि आम्ही दोघांनी डॉक्टरांच्या मागे भुणभुण लावली. एकदा तरी खरीखुरी लढाई होऊ द्या. कोणी पळणार नाही, धुकं नाही, पूल पडणार नाही.

"कशाला?" ते म्हणायचे.

"मजा म्हणून!"

"ती मजा नसते हो."

शेवटी एका रविवारी ते म्हणाले, "ठीक आहे. हवी तेवढी लांब." त्या दिवशी त्यांनी चहाचं आधण ठेवलं नाही.

नदीच्या उतारावर एक राक्षस उभा होता. पाठीमागे त्याची फौज. पहिला रविवार मला पुण्याच्या दिवसांसारखा गेला. फासे खणखणत होते, चेतन प्रत्येक बाणाला खुर्चीतून उठत होता. दुसऱ्या रविवारी आम्ही अजून नदीच्या अलीकडेच होतो. तिसऱ्या रविवारी राक्षसाच्या बळाचे आकडे मीच मोजत होते, कारण डॉक्टरांनी त्यातून अंग काढून घेतलं होतं. त्यांच्या फेऱ्या बंद झाल्या. ते खिडकीशी उभे राहायचे आणि बाहेर बघत सांगायचे, "त्याने दगड फेकला. फासा टाका." आवाजात काही नसायचं. मधेच माझा फोन वाजायचा, रानशेतला लाईट नाही, मी उठून बाहेर जायचे, परत यायचे, तरी तीच पाळी चालू असायची. नीलमताई फोनवर कोणाला तरी भाजी निवडायला सांगत असायच्या.

चौथ्या रविवारी मी आणि चेतन बाण राक्षसापर्यंत पोहोचतो की नाही यावरून भांडलो. पोहोचत नाही, असं मी म्हटलं. "तू कोण ठरवणारी?" असं तो म्हणाला. एरवी तो मला कधी अरेतुरे करायचा नाही.

"राक्षसाने दगड फेकला," डॉक्टर खिडकीतूनच म्हणाले. फासा पडला. "तिरंदाजाच्या छातीवर. तो पाण्यात पडला. वाहून गेला."

"म्हणजे?" चेतन म्हणाला. "मेला?"

"मेला."

"असा? एका दगडात?"

"लांब लढाईत कोणीतरी मरतंच. तुम्हालाच हवी होती."

चेतन ते पात्र माझ्या येण्याच्याही आधीपासून खेळत होता. तो उठला. त्याच्या तोंडून जे निघालं ते मी शब्दशः सांगू शकते, इतकं ते अजून कानात आहे.

"तुम्हाला काय, डॉक्टर! घरी कोण वाट बघणारं नाही, म्हणून दर रविवारी आम्हाला इथे धरून ठेवायचं. तुमचे वडील तुमच्याशी बोलत नाहीत, त्याचा राग आमच्यावर कशाला?"

वडिलांची गोष्ट मला आणि नीलमताईंना माहीतच नव्हती. कधीतरी वाडीत फिरताना डॉक्टरांनी ती एकट्या चेतनला सांगितली असणार. चेतनच्याही ते लक्षात आलं. 

डॉक्टरांनी खुर्चीवरचं हेल्मेट उचललं. जिना उतरले. खाली मोटरसायकल सुरू झाली आणि आवाज तळासरीच्या दिशेने गेला. आम्ही तिघं त्यांच्याच घरात, फाशांसमोर बसून राहिलो. थोड्या वेळाने नीलमताईंनी खिडक्या लावल्या, कुलूप घातलं आणि किल्ली खालच्या बाईंकडे दिली.

पुढचे रविवार मला खायला उठले. मी समुद्रावर जायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे, परत फिरायचे. चेतन एकदा ट्रान्सफॉर्मरची तक्रार घेऊन ऑफिसात आला. तक्रार सांगून झाली तरी जाईना. टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिला.

"डॉक्टर दिसले का कुठे?" त्याने शेवटी विचारलं.

"फोन कर ना."

"काय बोलू?"

मग नीलमताईच एका रविवारी दुकान बंद करून आमच्या दोघांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "नुसतं तळमळत बसून काय होणार? चला. बोलायचं तिथे जाऊन सुचेल."

डॉक्टरांनी दार उघडलं. चेतन चपला न काढताच म्हणाला, "डॉक्टर, मी ते बोलायला नको होतं."

"नको होतं," डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, आता ते "जाऊ द्या हो" म्हणतील. ते म्हणाले नाहीत. 

"लागलंय मला," ते म्हणाले. "लगेच जाणार नाही. पण येत चला."

म्हणून आम्ही जात राहिलो. खेळ नाही, फासे नाहीत. आम्ही तिघं बसायचो, ते फिरायचे. चेतन पिशवीभर चिकू आणायचा. ते टेबलावर तसेच राहायचे. कोणी पावसाचं बोलायचं, कोणी हायवेच्या कामाचं. बोलणं संपलं की पंख्याचा आवाज. इतकं अवघडलेपण मी कधी सोसलेलं नाही. दर वेळी निघताना ठरवायचे, पुढच्या रविवारी नाही यायचं. आणि दर वेळी चेतनची गाडी दाराशी आली की निमूट बसायचे. एका रविवारी डॉक्टरांनी जाता जाता टेबलावरचा चिकू उचलला आणि फिरत फिरत खाल्ला. चेतनने माझ्याकडे बघितलं. 

त्यानंतरच केव्हातरी त्यांनी आपण होऊन सांगितलं. आई गेली तेव्हा ते नोकरीवर होते. दिवस करून परत आले, आणि पुढच्या खेपेला घरी गेले तर आईची गाय दावणीला नव्हती. वडिलांनी विकून टाकली होती, न विचारता.

"मी म्हटलं, तुम्हाला आईचं काहीच ठेवायचं नव्हतं. ते म्हणाले, तू ठेवलंस का काही? राहिलास का इथे? बस. अंगणात उभ्याउभ्या झालं सगळं. बॅग खांद्यावरून खाली ठेवली नव्हती मी. तशीच घेऊन परत फिरलो."

"मग?" नीलमताईंनी विचारलं.

"मग काय. इतकी वर्षं झाली."

चेतन खाली बघत होता. तो हळूच म्हणाला, "मी सोडतो तुम्हाला स्टेशनला. कधी पण."

डॉक्टरांनी त्याला पुढचे कितीतरी आठवडे पळवलं. एकदा निघाले आणि स्टेशनच्या दारातून मागे वळले, लसीकरण आहे म्हणाले. एकदा कल्याणपर्यंत जाऊन परत आले आणि कारणही सांगितलं नाही. चेतन न कुरकुरता परत परत न्यायचा. त्याच्या वाडीवरची माणसंही हसायला लागली होती. मग एक दिवस डॉक्टर गेले ते आलेच नाहीत. फोन बंद. चेतन रोज मला विचारायचा, जणू लातूरची लाईनही माझ्याकडेच होती.

ते परत आले तेव्हा आम्ही तिघं एकदमच जिना चढलो. डॉक्टर जरा काळवंडले होते. राक्षसाची लढाई आम्ही त्या दिवशी किंवा नंतर कधीच पुढे नेली नाही. कोणी नावच काढलं नाही.

"बोलले?" चेतनने दारातच विचारलं.

"कसले बोलतायत. मी गेलो, ते ओट्यावर होते. बघितलं आणि आत गेले. जेवायला वाढलं शेजारच्या काकूंनी. दोघं जेवलो. पाणी पाहिजे तर लोटी पुढे सरकवायची, एवढंच. मी रात्री ठरवलं, सकाळच्या गाडीने निघायचं."

"मग?"

"सकाळी अंगणात आलो बॅग घेऊन, तर हे म्हशीचं दावं धरून उभे. माझ्याकडे न बघता म्हणाले, ही खाईना झालीय. बघ जरा."

"काय झालं होतं तिला?" नीलमताई म्हणाल्या.

"काही नाही."

"म्हणजे?"

"अहो, माझ्यासमोर रवंथ करत होती! तुकतुकीत म्हैस. आजारी असती तर लांबूनच कळलं असतं मला." डॉक्टर हसायला लागले, मग थांबले. "मी बॅग खाली ठेवली. डोळे बघितले, कान बघितले. पोटाला कान लावला. म्हटलं, तोंड उघडा तिचं. वडिलांनी उघडलं. म्हटलं, मागचा पाय उचला. उचलला. वय झालंय त्यांचं, कमरेतून वाकवत नाही, पण उचलला. तपासण्यासारखं काही राहिलं नाही, तरी मी तपासत होतो."

"आणि काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं, हिच्यावर लक्ष ठेवावं लागेल थोडे दिवस."

"मग ते?"

"म्हणाले, ठेव की मग."